ओढ्याकाठचं जास्तीचं घर

भूतखेत, करणी, नजर… यातलं मी काहीही मानत नाही. हे लिहितोय ते केवळ परवा भाचा सगळ्यांदेखत म्हणाला म्हणून, "मामा, तुमच्याकडूनच चूक झाली असणार!" डोकंच फिरलं माझं.

बडोद्याला गोरव्याच्या औद्योगिक इस्टेटीत पंपाचे भाग बनवणारा एक कारखाना होता. मी तिथे ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटर आमच्या खोलीत यायचा होता, पण परदेशी ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. इंग्लंडहून टर्नर नावाचे एक गिऱ्हाईक यायचे. त्यांना नाद आपल्या खेड्याच्या इतिहासाचा. त्यांची पॅरिश - म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती - तिच्यावर पुस्तक लिहीत होते. पेन्सिलीने काढलेला गावचा नकाशा त्यांनी आमच्या शेठना दिला, "शाईत नीट काढून द्या." शेठ लगेच हो म्हणाले. काम कुणाच्या गळ्यात? माझ्या!

ट्रेसिंग पेपर नकाशावर बसवायचा आणि खाली दिसेल तीच रेघ वर ओढायची. चर्च, ओढा, ओढ्याकाठी एक घर, पलीकडे जमीनदाराचा बंगला. आमचे चेकर हसमुखभाई यांनी मूळ नकाशाशी रेघन् रेघ ताडून सही केली.

नकाशा न्यायला आलेल्या टर्नर साहेबांनी ओढ्याकाठच्या घरावर बोट ठेवलं. "हे कुठून आलं?"

मूळ नकाशा पुन्हा बाहेर काढून पाहिला… तिथे कोरा कागद! खोडल्याची खूणसुद्धा नाही.

"पार्टीनी सामे मारुं नाक कपावी नाख्युं!" गिऱ्हाइकासमोर नाक कापलं गेलं म्हणून शेठ कडाडले.

"शेठ, घर हतुं," हसमुखभाई म्हणाले. "में मारी सगी आंखे जोयुं छे."

घर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ऐकतो कोण? ब्लेडने शाई खरवडून घर काढून टाका, असा हुकूम झाला. मी म्हटलं, "मनाने काढलेलं नाही, मनाने पुसणारही नाही." झाली माझी रवानगी स्टोअरमध्ये, नटबोल्टांच्या खोक्यांत. इतक्या वर्षांच्या कामाची ही किंमत!

पुढच्या खेपेला टर्नर साहेब थेट स्टोअरमध्येच आले. त्या दिवशी त्यांनी घरासकट नेलेली नकाशाची प्रिंट पाहून त्यांची म्हातारी आई रडली होती. तिचे आजोबा त्या घरात जन्मले. बंगल्यातून ओढा दिसावा म्हणून जमीनदाराने घर पाडलं, माणसं हाकलली. ती बिचारी हे जन्मभर सांगत होती आणि हे इतिहासकार चिरंजीव "कुठल्याच कागदात नाही" म्हणून तिला गप्प बसवत होते! असा संताप आला मला…

"आई फार आजारी आहे," ते म्हणाले. "खूण पटावी म्हणून तिने एकच विचारलंय. दार कुठल्या बाजूला होतं?"

नकाशात नुसता चौकोन होता. दार मी दाखवलंच नव्हतं.

"ओढ्याकडे," मी तावातावाने बोलून गेलो. "बुटकं आहे. वाकून जावं लागतं."

साहेब मटकन खोक्यावर बसले. "आईही हेच सांगते…"

पुस्तक निघालं, त्यात ते घर आहे. मला पुन्हा ड्रॉइंगला घेतलं. शेठनी माफी काही मागितली नाही. ते घर मला आणि हसमुखभाईंना कसं दिसलं, दार मला कसं ठाऊक - आजही सांगता येत नाही. पण त्या म्हातारीच्या सख्ख्या मुलाला ते का दिसलं नाही, हे मी साहेबांना त्या दिवशी स्टोअरमध्येच खडसावून विचारणार होतो. विचारता आलं नाही. खोक्यावर बसून ते रडत होते.