सातशे मीटरची चूक आणि डोंगरावरचा डबा

जायचं ठरलं ते लखनऊच्या महानगर भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात, रविवारच्या पोह्यांच्या वेळी. ठरवलं मात्र मी नाही, माझ्या मुलीनं. तेही एक अक्षर न बोलता, माझीच वही माझ्यापुढे ठेवून.

आधी थोडी पार्श्वभूमी. जिओकॅशिंग हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणीतरी एखाद्या आडजागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून परत यायचं. बक्षीस काही नाही. वैशाली, म्हणजे माझी बायको, याला ‘रिकामटेकड्यांचा खजिना’ म्हणते. मी नकाशे बनवणाऱ्या सरकारी खात्यात तेहतीस वर्षं मोजणी केली, नागपूरहून बदली होऊन लखनऊला आलो आणि इथलाच झालो. निवृत्तीनंतर हा खेळ सापडला तेव्हा वाटलं, हा तर माझ्यासाठीच काढलाय.

कुमाऊंमध्ये एका डोंगरमाथ्यावर असाच एक वीसेक वर्षांचा जुना डबा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर शोधायची मजा जाईल. मागच्या वर्षी मी एकटा तिथे गेलो, चार तास दगड उलटेपालटे केले आणि साइटवर छातीठोकपणे लिहिलं: ‘मी व्यवसायाने मोजणीदार आहे. जागा मोजून खात्री केली आहे. डबा नाही.’ त्यानंतर वर्षभर तिकडे कोणी फिरकलंच नाही.

त्या रविवारी मी पोहे खाता खाता डब्याच्या मालकांचा नवा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. एके काळी त्या भागात शाळामास्तर असलेले हे गृहस्थ आता दूर मुलाकडे राहतात. त्यांनी लिहिलं होतं, “सर्वे वाले साहब ने नापकर लिखा है कि डिब्बा नहीं है, तो नहीं ही होगा. मैं अब ऊपर चढ़ नहीं सकता. महीने के आख़िर में इसे लिस्ट से हटा दूँगा.”

“बिचारे,” मी म्हणालो. “पण नाही तर नाही. काय करणार?”

समता, माझी मुलगी, उठली, आतून माझं फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही, घेऊन आली आणि मागच्या वर्षीचं पान उघडून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. बाजूला तिच्या फोनवर वेबसाइट उघडलेली. एक बोट वहीवर, एक फोनवर.

साइटवर होतं २७.५४० मिनिटं. म्हणजे सत्तावीस मिनिटं आणि वर अर्ध्याहून जरा जास्त. सेकंदांत सांगायचं तर साधारण साडेबत्तीस. माझा हात आयुष्यभर अंश, मिनिट, सेकंद असंच लिहीत आलेला. त्यानं आपोआप लिहिलं होतं: २७ मिनिटं, ५४ सेकंद. रेखांशातही तोच घोळ. फोनमधला बाण बघत फिरणं मला कमीपणाचं वाटतं, म्हणून माझ्या जुन्या जीपीएस यंत्रात मी वहीतले आकडे भरले होते. जमिनीवर हा फरक जवळजवळ सातशे मीटर होतो. चार तास मी डोंगराच्या वेगळ्याच धारेवर दगड उलटत होतो.

मी ताट बाजूला सारलं. मी आकडेमोड तीनदा केली. वैशाली हे सगळं शांतपणे बघत होती.

“मंग जाऊन या ना,” ती म्हणाली. “इथं बसून काय करून राहिले तुम्ही? त्या मास्तरांचा डबा तुमच्यापायी बंद होऊन राहिला.”

खरं तेच होतं. डबा वर असेल किंवा नसेल, पण तो बंद होत होता माझ्या शब्दावर. माझ्या तोंडी ‘मोजून’ हा शब्द आला की लोक विश्वास ठेवतात, या गोष्टीचा मला आजवर केवढा अभिमान होता! महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

शुक्रवारी पहाटे पाचला मी आणि समता निघालो. जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो: सीतापूर रोडनं सीतापूर, पुढे शाहजहाँपूर, बरेली, मग उजवीकडे बहेडी आणि किच्छा करत हल्द्वानी. बरेलीपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. त्यानंतर उसाच्या ट्रॉल्या लागतात आणि त्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही, म्हणून हा पट्टा उजेडातच पार करा. सीतापूरच्या पुढे एका ढाब्यावर आलूचे पराठे आणि पांढरं लोणी खाल्लं, दोघांचे मिळून दोनशे साठ रुपये. हल्द्वानीत टाकी भरून घ्या, वर पंप कमी आहेत. काठगोदामनंतर घाट सुरू झाला आणि गाडी मी समताच्या हाती दिली. पोरगी वळणं इतक्या सफाईनं घेत होती की मी दोनदा ब्रेक मारायला पाय दाबला आणि दोन्ही वेळा लाजलो. हे तिनं पाहिलं.

समता एकवीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. मला याची सवय आहे. मुळात ती माझ्याशी फार बोलतच नाही, याचीही सवय झाली होती.

साडेतीनला गावात पोचलो. मुक्काम हेमादीदींच्या घरी. रस्त्यालगत दोन खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवल्यात. जेवणासकट एका खोलीचे अठराशे, गरम पाण्याची बादली हवी तेवढी. रात्री मडुव्याची भाकरी आणि भट्टाची चुड़काणी. भट्ट म्हणजे तिथलं काळं सोयाबीन, चुड़काणी म्हणजे त्याची दाटसर आमटी. तूप त्या न विचारता वाढतात. मडुवा म्हणजे आपली नाचणीच, त्यामुळे तिच्या भाकरीची सवय असलेल्यांना तर माहेरी आल्यासारखं वाटेल.

हेमादीदींनी मला लगेच ओळखलं. तिकडे थोरल्या भावाला दाज्यू म्हणतात. “पिछले साल आप उधर वाली धार पर गए ठैरे ना, दाज्यू? मशीन लेकर?”

“हाँ. क्यों?”

“सब लोग तो इधर मंदिर के पीछे से जाने वाले हुए. हमने सोचा, साहब के पास इतनी बड़ी मशीन है, साहब को पता ही होगा.” आणि भाकरी थापत त्या अगदी सहज म्हणाल्या, “आपने पूछा भी तो नहीं.”

समतानं मान खाली घालून ताटात बघितलं. ती हसत होती.

शनिवारी सकाळी सातला चढायला लागलो. वाट मंदिरामागून निघते आणि पहिल्या शंभर पावलांतच दम काढते. अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे, पण चढ सरळ छातीवर येतो. खालच्या टप्प्यात चीड, म्हणजे पाइनचं झाड, आहे. त्याच्या वाळक्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, वाटेवर गालिच्यासारख्या पसरलेल्या असतात आणि बुटाखालून सटकतात. काठी घ्याच. हेमादीदींच्या अंगणातून फुकट मिळते. वर गेलं की बांजचं, म्हणजे ओकचं, जंगल लागतं, सावली गार होते, माती पाय धरते.

माझा डावा गुडघा पहिल्या तासातच बोलायला लागला. दुसऱ्या तासाला एका खडकावर बसलो. समोर ढग हटले आणि त्रिशूल, नंदादेवी, सगळी बर्फाची रांग एकदम उघडी पडली. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मी मात्र आठवडाभर डोक्यात असलेला प्रश्न विचारला.

“समा, तुला ही चूक त्या रविवारीच दिसली?”

तिनं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. “नहीं, बाबा. तीन हफ़्ते पहले.”

“तीन आठवडे? मग सांगितलं का नाहीस? मी काय ओरडलो असतो?”

“आप नाराज़ नहीं होते, बाबा. आप साबित करने लगते हो.”

मी तोंड उघडलं. तसं नाही हे तिला पटवून देण्यासाठी माझ्याकडे चांगले तीन मुद्दे तयार होते. तिसरा तर फारच बिनतोड होता. मग ती माझ्याकडे कशी बघतेय ते दिसलं आणि मी तोंड मिटलं. इतकं वाईट मला मागच्या वर्षी रिकाम्या हातानं उतरतानाही वाटलं नव्हतं. सरळ सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बर्फावरचं ऊन डोळ्यांवर येतंय असं मी दाखवलं.

“चल,” म्हणालो. “आज आकडे तुझे. मी मागून येतो.”

माथ्याजवळ तिच्या फोनवरचा बाण फिरायला लागला. म्हणजे जागा हीच. तिथे बांजची आठ-दहा झाडं, मध्ये खडकांचा ढिगारा, दर दुसऱ्या खडकाखाली कपार. अर्धा तास आम्ही नुसते हात घालत फिरलो. काही नाही. समताचा चेहरा पडत चालला.

“शायद सच में नहीं है,” ती म्हणाली. “शायद आप ही सही थे.”

मी बरोबर होतो, हे ऐकायची हौस मला जन्मभर होती. त्या क्षणी मात्र ते अजिबात नको होतं.

“थांब,” मी म्हणालो. “आकडे चुकत नाहीत, पण झाडाखाली यंत्र दहा पावलं इकडेतिकडे दाखवतं. आता माझं काम.”

फोन जिथे शून्य म्हणत होता तिथे काठी रोवली. पिशवीतली दोरी काठीला बांधली आणि दुसरं टोक समताच्या हाती दिलं. दोन पावलांचं वर्तुळ, मग चार, मग सहा. दोरीखाली येणारी एकही कपार सोडायची नाही, एकही दुसऱ्यांदा बघायची नाही. आमच्या कामात हरवलेला जुना मोजणीचा दगड असाच शोधतात. समतानं पहिलं वर्तुळ कंटाळत केलं, दुसरं मन लावून, आणि तिसऱ्या वर्तुळाला एका बांजच्या मुळांपाशी ती थांबली. मुळांच्या आड एक चपटा दगड उभा होता. निसर्ग दगड असे उभे करत नाही.

तिनं दगड बाजूला केला. आत हात घातला, पार खांद्यापर्यंत.

“बाबा!” ती किंचाळली. “बाबा, है! है! मिला!”

स्टीलचा कडीचा डबा, कडी गंजलेली, आतला प्लास्टिकचा थर शाबूत. त्यात वही, दोन गोट्या, कुणाचं तरी शिट्टीचं लॉकेट आणि टोक मोडलेली पेन्सिल. आम्ही दोघं बांजच्या मुळांवर बसून वहीची पानं उलटत होतो. पहिल्या पानावर मास्तरांचं वळणदार अक्षर: ‘यहाँ तक आए हो तो थोड़ा बैठकर जाना.’ माझ्या पोरीनं वहीतल्या चुकीपासून झाडाच्या मुळापर्यंत शोधून काढलेला डबा माझ्या मांडीवर होता, आणि मला वाटत होतं की सगळ्या खात्याला खालून हाका मारून वर बोलवावं आणि तिला दाखवावं.

मी वहीत लिहिलं: ‘मागच्या वर्षी मी डबा नाही असं जाहीर केलं. डबा इथेच होता, मीच इथे नव्हतो. चूक माझ्या मुलीनं पकडली, डबाही तिनंच काढला.’ खाली दोघांच्या सह्या. माझी टोक काढलेली पेन्सिल डब्यात ठेवली, मोडकी खिशात घातली. आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे थोडं बसलो. उतरताना गुडघा इतका दुखत होता की शेवटचा किलोमीटर मी समताच्या खांद्यावर हात ठेवूनच आलो. ती सगळ्या वाटेत बोलत होती. तिच्या कॉलेजचं, मैत्रिणींचं, कोणत्या विषयात पुढे शिकायचं त्याचं. मी एकदाही काही साबित केलं नाही, निदान तसा प्रयत्न तरी केला.

रविवारी संध्याकाळी महानगरात परतलो. वैशालीनं दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आतच समता म्हणाली, “आई, मिल गया!” समोरच्या फ्लॅटमधले शेजारी जिन्यातच होते. मागच्या वर्षी यांनाच मी माझ्या मोजणीचं तासभर व्याख्यान दिलं होतं. त्यांना म्हणालो, “भाईसाहब, वो डिब्बा वहीं था. ग़लती मेरी थी, पकड़ी इसने.” इतक्या रुबाबात मी बढतीची बातमीसुद्धा कुणाला दिली नव्हती.

साइटवर नवी नोंद टाकली. मास्तरांचं उत्तर तासाभरात आलं: डबा लिस्टवर राहील, आणि बिटिया को आशीर्वाद. समता म्हणाली, “पुरानी वाली एंट्री डिलीट कर दूँ? किसी को पता नहीं चलेगा.”

“नको,” म्हणालो. “फील्डबुकात रबर चालत नाही.”

मग तिला शिकवलं. मोजणीच्या वहीत चुकलेला आकडा खोडून काढत नाहीत, त्यावर गिरवतही नाहीत. त्यातून एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला ज्यानं दुरुस्ती केली त्यानं सही करायची, म्हणजे पुढच्याला कळतं की इथे चूक झाली होती आणि कुणीतरी ती पाहिली.

वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिनं ५४ वर पट्टीनं रेघ मारली, वर ३२.४ लिहिलं आणि पेन माझ्याकडे केलं.

“साइन, बाबा.”

“दुरुस्ती कुणी केली?” मी विचारलं.

तिनं पेन मागे घेतलं. माझ्या कपाटात तेहतीस वर्षांच्या वह्या आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक दुरुस्तीपुढे माझीच सही आहे. या एका पानावर समताची आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली तेच पान दाखवतो.