विरक्तीचं घराणं

आमच्या घराण्यातल्या पुरुषांना पन्नाशीनंतर विरक्ती येते, हे आम्ही इतक्या अभिमानाने सांगायचो की सोयरीक जुळवताना शेतीच्याही आधी त्याचा उल्लेख व्हायचा. पणजोबा राजूरच्या गणपतीला म्हणून निघाले आणि चौथ्या दिवशी अंबडच्या बाजारात सापडले. राजूर उत्तरेला, अंबड दक्षिणेला. पण देवानेच बोलावलं म्हटल्यावर दिशा कोण विचारतो? आजोबांनी तर एका सकाळी आजीला हात जोडून विचारलं, "माय, तुम्ही कोन्या गावच्या?" सगळ्या बाया त्यांना आईसमान झाल्या, असं आत्याबाई, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, डोळे पुसत सांगायच्या. आजीला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांची पाळी आली. वय पंचावन्न. चपला ज्वारीच्या कोठीत सापडल्या तेव्हा आत्याबाईंनी कोठीलाच नमस्कार केला. मी शाळेत शिकवणारी, मला संशय आला. विरक्त माणूस जेवून अर्धा तास झाल्यावर "मला कोणी वाढलंच न्हाई" म्हणून भांडत नाही. बाबांना औरंगाबादला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. आत्याबाईही निघाल्या, औषध देऊन विरक्ती उतरवू नये म्हणून.

डॉक्टरांनी बाबांना आजचा वार विचारला. बाबा हसून म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाई का?" मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कोणाला असं काही होतं का?

"बिलकुल न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यात खोट न्हाई. फक्त इरक्ती." आणि पणजोबांपासून सगळं रंगवून सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. माणूस भाविक आहे, असं आत्याबाईंना वाटलं.

लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. हा विसरण्याचा आजार. इतक्या कमी वयात, लागोपाठ तीन पिढ्यांत, म्हणजे रक्तातूनच उतरत असावा. तसं असेल तर ज्याला तो होतो, त्याच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका. मुलींनाही.

"बायांना इरक्ती येत न्हाई," आत्याबाई ठासून म्हणाल्या आणि बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. त्यांना त्रेपन्नावं चालू होतं. मी चौतीस वर्षांची. मी मनातल्या मनात एकोणीसचा पाढा म्हणून पाहिला, सातापाशी अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. तो पाढा मला शाळेतही कधी आला नव्हता, हे नंतर आठवलं.

तेवढ्यात इतका वेळ खिडकीकडे बघत बसलेले बाबा म्हणाले, "म्हंजी हे माझ्यामुळं लेकरायला होईल का?"

"न्हाई हो बाबा," मी म्हणाले. वाटलं, दारापर्यंत विसरतील.

परतीच्या एस.टी.त त्यांना डॉक्टर आठवेनात, कुठून निघालो ते आठवेना. प्रश्न तेवढा राहिला. बदनापूर येईपर्यंत त्यांनी तो चार वेळा विचारला, दरवेळी आत्ताच कळल्यासारखं तोंड उतरलेलं. चारही वेळा मी नाही म्हणाले.