मदतीचा माल आणि नारूकाकांचा बांध

यातला शब्द न् शब्द खरा आहे. हवं तर शपथ घेतो. सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे एका वेळी मी पालघर स्टेशनसमोर चहा पीत होतो आणि एका वेळी तापाने घरी पडून होतो. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की आता त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आठवतं!

आमची पालघरची कचेरी शेती, शाळा, विहिरी, रस्ते अशा सगळ्यांचा विकास करायची. साठीच्या त्या दशकात तिथं सिमेंट साठत नसे, बियाणं साठत नसे. साठायचे फक्त किस्से. त्यांना परमिट लागत नव्हतं ना!

साहेब आमचे भर वैशाखात कोटाची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसत. वरून आलेला कागद आधी कपाळाला लावत, मग वाचत. जीपवर जयराम ड्रायव्हर. मी विस्तार अधिकारी, मूळचा घाटावरचा. आणि चौथे शिरगावचे नारूकाका. ते नोकरीला नव्हते, पण हजेरी आमच्यापेक्षा चोख!

कारण त्यांच्या आळीच्या भातशेतीचा खाडीकडचा बांध फुटला होता. उधाण आलं की खारं पाणी आत. काही शेतं आधीच गेली होती. पावसाळ्याआधी खिंडार बुजलं नाही तर उरलेलीही जाणार होती, आणि एकदा जमीन खारवली की वर्षानुवर्षं भाताचं नाव नको. काकांचं मागणं एवढंच, थोडं सिमेंट द्या.

"सिमेंट तारापूरला चाललंय," साहेबांनी समजावलं. "अणूपासून वीज! परदेशाने कर्ज दिलंय, यंत्रं दिलीत. काका, राष्ट्राचे अग्रक्रम असतात."

"असतील की. वीज कवा येल?"

"येईल चार-दोन वर्षांत."

"बरं झालं," काका टोपी झटकत उठले. "भात कसा बुडाला, ते तरी उजेडात बगायला गावंल!"

*

त्याच सुमारास रेशनवर अमेरिकेचा तांबडा गहू आला. आता चिंचणीच्या किनाऱ्यावर गहू म्हणजे आजाऱ्याचं अन्न. लोक उचलेनात. वरून हुकूम आला, चपातीची प्रात्यक्षिकं करा!

ठाण्याहून एक बाई आल्या. स्टोव्ह, पोळपाट, सगळं घेऊन. कोळीवाड्यात पन्नासेक बाया जमल्या. बाईंनी कणीक मळली, चपाती लाटली, ती फुगलीसुद्धा. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पारूबाई नावाची मासळी विकणारी पुढे आली. चपातीचा तुकडा तिने बोंबलाच्या कालवणात बुडवला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"हा गहू त्यांनी फुकट दिला?"

"तसं नाही," मी म्हणालो. "पैसे आपण आपल्या रुपयांत द्यायचे. पण ते खर्च कशावर करायचे, हे त्यांना विचारून."

"आनि आमी खायाला शिकायचा?"

"हो. राष्ट्राची गरज आहे."

"मंग आमीपन त्यांना मदत करतो," पारूबाई म्हणाली. "सुका बोंबील धाडतो, बोट भरून. खाऊ दे रोज. नाय जमला तर शिकवायला मी जाते!"

ठाण्याच्या बाईंनी तिथल्या तिथे स्टोव्ह विझवला.

*

ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. मदतीतून आला, हार घातला, नारळ फोडला, आणि बेटेगावच्या चिखलात दुसऱ्या दिवशी बसला. बैलांनी ओढून कचेरीमागे आणला. एक भाग मोडला होता. तो भाग फक्त त्यांच्याच देशात मिळणार. त्याला डॉलर लागणार. डॉलर आपल्याकडे नाहीत. मग त्यांनीच उदारपणे कळवलं, भाग घ्यायला आम्ही कर्ज देतो!

हे चाललेलं असतानाच एके सकाळी रुपया पडला. म्हणजे सरकारनेच त्याची किंमत उतरवली. साहेब रेडिओ ऐकून आले होते. चेहरा सुतकी.

"कालपर्यंत जे कर्ज होतं, ते आज आपल्या रुपयांत दीडपट झालं."

जयराम खिडकीतून मागच्या ट्रॅक्टरकडे बघत होता. त्यावर कोंबड्या बसल्या होत्या.

"म्हंजे सायेब, हा उभ्या जागी महाग झाला?"

"तसंच म्हणायचं."

"मंग आजच विकू या की! चालवून एवढा नफा थोडाच होनार हाय?"

*

मग एक परदेशी तज्ज्ञ येणार असं ठरलं. भातशेती सुधारायला. त्याचा पगार, विमान, हॉटेल, सगळं त्या मदतीतूनच कापलं जाणार होतं. म्हणजे पाहुणा आपल्याकडे जेवणार, आणि ताटाचे पैसे आपल्या अंगावर. असो.

साहेबांची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. विश्रामगृहात खुर्चीसारखा संडास नव्हता! गोरा माणूस उकिडवा बसणार कसा? देशाची अब्रू! तारेवर तारा गेल्या. मुंबईहून भांडं आलं, गवंडी आला, आणि आठवड्याच्या आत... होय, सिमेंट आलं!

नेमके त्याच दिवशी नारूकाका दारात.

"सिमेंट हाय की!"

"काका, हे वेगळ्या खात्याचं. हे फक्त या कामालाच वापरता येतं."

काका आत डोकावले. गवंडी भांड्याभोवती सिमेंट लिंपत होता, मोठ्या मायेने.

"सायेब, मंग असं करा. हे भांडं आमच्या बांधावर बसवा. गोऱ्याला तिथंच बसू दे. सिमेंट आपोआप येल!"

तज्ज्ञ आलाच नाही. तारापूरच्या कॉलनीत त्याच्या देशाचे इंजिनियर राहत, तिथं थंड हवेच्या खोलीत एक दिवस राहिला, नकाशावर आमचं भात पाहिलं आणि गेला. भांडं तसंच कोरं राहिलं. विश्रामगृहाचा खानसामा पुढे त्यात कोथिंबीर लावायचा. चांगली यायची.

*

आता दुधाचं.

शाळेतल्या मुलांसाठी मदतीतून आदल्या वर्षीच दुधाची भुकटी आली होती. पोत्यावर हस्तांदोलन करणारे दोन हात छापलेले. भुकटी उकळलेल्या पाण्यात कालवून द्यायची, असा सक्त नियम. आणि शाळेची विहीर आटलेली! दूध एका योजनेत होतं, पाणी दुसऱ्या. दुधाची मंजूर होती, पाण्याची नव्हती.

पोती गोदामात पडली. एक पावसाळा गेला, वर समुद्राचा दमट वारा. भुकटीचा दगड झाला. कुदळीने फुटेना. वाटता येईना, आणि मदतीचा माल फेकायचा तर वरची परवानगी हवी. ती मागायची म्हणजे माल फुकट गेल्याचं कबूल करायचं. तशात खबर आली, मदत देणाऱ्यांचा माणूस तपासणीला येणार. साहेबांनी त्या दिवशी कोटाचं वरचं बटण काढलं. एवढं बिकट!

पावसाला थोडेच दिवस उरले होते. नारूकाका शेवटचं विचारायला आले. गोदामाशी थबकले, एका पोत्यावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं.

"हे काय हाय?"

"दूध," मी म्हणालो.

काकांनी पुन्हा वाजवलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी काकांकडे पाहिलं. दुपारपर्यंत शिरगावच्या सगळ्या बैलगाड्या आमच्या दारात होत्या.

आळीतल्या बाया-माणसांनी मिळून खिंडार भरलं. खाली दगड, मग दूध, भोवती चिकणमाती, खाडीतल्या तिवरांचे खुंट. आषाढातलं उधाण आलं, बांधाला धडका मारून गेलं. आत एक चूळभर खारं पाणी आलं नाही. भात कमरेएवढं वाढलं!

नारळी पौर्णिमेनंतर तो तपासनीस आला. गळ्यात कॅमेरा. जीपमध्ये बसला आणि म्हणाला, "आमचं दूध जिथं पोचलंय तिथं मला न्या."

साहेबांच्या मनात होतं बेटेगावची शाळा. तिथं मुलांना दुधाच्या मिश्या काढून तयार ठेवलं होतं, खडूच्या. पण जयरामला कोणी सांगितलंच नव्हतं! त्याला दूध पोचल्याची एकच जागा माहीत होती. त्याने जीप सरळ शिरगावच्या बांधावर नेऊन उभी केली.

वरची माती पावसाने धुपली होती. ओळीने पोती. प्रत्येकावर ते दोन हात, समुद्राकडे तोंड करून हस्तांदोलन करताहेत.

गोरा बघतच राहिला. साहेबांनी डोळे मिटले. शेतातून नारूकाका चिखलाच्या पायांनी वर आले.

"विचारा त्यांना," गोरा मला म्हणाला, "लाभ घेणारे समाधानी आहेत का?"

मी विचारलं. काकांनी एकदा भाताकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे.

"सांगा त्याला. दर्या येतो, दूध चाटतो, नि गुमान परत जातो."

मी इंग्रजीत सांगितलं, "इथं येणारा प्रत्येकजण दूध चाखून समाधानाने परत जातो, असं ते म्हणतात."

गोऱ्याचे डोळे भरून आले. त्याने काकांचा हात हातात घेतला, पोत्यावरच्या चित्रासारखाच, आणि जयरामला फोटो काढायला लावला. पुढच्या वर्षी भुकटी दुप्पट आली. आणि बांधासाठी सिमेंटही मंजूर झालं.

तर शपथेचं म्हणाल, यात एक गोष्ट मी मनची घातली आहे. खडूच्या मिश्या खऱ्या. भांड्यातली कोथिंबीर खरी, मी खाल्ली आहे. दर्याने दूध चाटलं तेही खरं.

सिमेंटचं तेवढं खोटं.