पोलादपूरची आंघोळ

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आश्विनातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला मुंबईच्या रुग्णालयात वारली. ती तीन वर्षं दोन महिन्यांची होती. तिच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. लहान मुलांत क्वचितच आढळणारा कर्करोग, असं कागदावर लिहिलं होतं.

खोकला वैशाखात सुरू झाला. महाडच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया धरून औषधं दिली. ताप उतरला, खोकला राहिला. दुसरा एक्स-रे पाहून त्यांनी मुंबईला पाठवलं. तिथे गाठीचं निदान झालं आणि केमो सुरू झाली.

तिचे वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्यात शिफ्टवर आहेत. घर उमरठच्या वरच्या वाडीत. पहिल्या केमोनंतर मुलीला घरी आणलं तेव्हा वाडीत कुणीतरी त्यांना म्हणालं, "तूच कपड्यांतून केमिकल घरात आणतोस, पोरीच्या छातीत तेच बसलं."

त्या आठवड्यापासून ते शिफ्ट सुटल्यावर थेट घरी जाईनात. वाटेत पोलादपूरला चुलतभावाकडे थांबायचं, अंगावरचे कपडे तिथेच बादलीत टाकायचे, दोनदा साबण लावून आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालून मग वाडीत जायचं. मोटरसायकलचा आवाज आला की चुलतभाऊ बायकोला ओरडून सांगायचा, "पाणी तापव गो, नवरदेव आला!"

एवढं करूनही ते मुलीला उचलत नसत. पडवीच्या कठड्यावर बसून लांबूनच बोलत. ती हात वर करायची.

"बाबा, घे ना."

"माझ्या अंगाला वास हाय गो."

ती जवळ जाऊन हुंगायची. "नाय येत. साबणाचा येतो. खोटारडा!"

बहीण हसायची. एकदा मी तिथे होते, मीही हसले.

श्रावणात त्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही पेपरात हाव. कंपनीमुळं झालं असं लिहा ना." मी म्हणाले, पुरावा नाही, छापता येणार नाही. हे कशामुळे झालं ते डॉक्टरांना विचारून घ्या, असं मी म्हणाले नाही. मी स्वतःही विचारलं नाही. मी चौदा वर्षं वार्ताहर आहे.

आश्विनात तिला धाप लागली. छातीत पाणी भरलं होतं. मुंबईत बरगड्यांमधून नळी घालून ते काढायला सुरुवात झाली. रविवारी डॉक्टर फेरीला आल्या तेव्हा तिचे वडील वॉर्डच्या दाराशीच उभे होते. आत का येत नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी कपड्यांचं आणि आंघोळीचं सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा आजार बाळ पोटात असताना, फुप्फुस घडतानाच मूळ धरतो. कपड्यांतून येत नाही. तुम्ही काही आणलेलं नाही."

"म्हंजे उचलली असती तरी चाललं असतं?"

"हो."

ते पलंगापाशी गेले आणि वाकले. नर्सने मध्ये हात घातला. छातीत नळी असेपर्यंत उचलायचं नाही, म्हणाली. त्यांनी मुलीचं पाऊल हातात धरलं. ती जागी होती.

"आता वास नाय?" तिने विचारलं.

"नाय."

सोमवारी ते दिवसभर तसेच बसून होते. नळी गुरुवारी काढायची होती.