मामाजींनी हार्ड डिस्कचे दात पाहिले

या जगात विकत घेण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे बैल. बाकी बाजारात जे काही मिळतं ते सगळे बैलाचेच कमीअधिक बिघडलेले प्रकार, असा आमच्या मामाजींचा ठाम सिद्धांत होता. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सगळ्यात थोरले मामा. राहणार आंजी मोठी. घरची शेती, आणि बैलांचे पारखी म्हणून पंचक्रोशीत नाव. कोणाला जोडी घ्यायची असली की मामाजींना बाजारात मानानं घेऊन जात. ते बैलाभोवती एक फेरी मारत, पाठीवर थाप देत, तोंड उघडून दात पाहत आणि अवाक्षर न बोलता एकतर मान हलवत, नाहीतर पुढच्या खुंट्याकडे चालू लागत. इथवर सगळं ठीक होतं. पण माणूस एका विद्येत पारंगत झाला की ती विद्या त्याला स्वस्थ बसू देत नाही. घरात फ्रीज आला तेव्हा मामाजींनी त्याचं दार उघडण्याआधी त्याचे पाय पाहिले. मामींसाठी शिवणयंत्र घेताना दुकानदाराला विचारलं, "मारकं त नाई ना?" अहो, मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोह्याची बशी खाली ठेवतो न ठेवतो तोच मामाजी म्हणाले, "बापू, जरा त्या विहिरीपर्यंत चालून दाखवा." मुलगी राहिली बाजूला, मीच चालून आलो. मामाजींनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे पाहून मान हलवली आणि लग्न ठरलं. मी नेमका कशात पास झालो, हे मला अजून कळलेलं नाही.

या सिद्धांताला अख्ख्या आंजीत फक्त मामी भीक घालत नसत. मामींचा आवाज असा, की त्या स्वयंपाकघरातून मामाजींना हाक मारत आणि रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे दचकून "ओ" देत. दिवसभर त्यांची मामाजींवर तोफ चालू. पंचा इथं काऊन टाकला, चपला तिथं काऊन काढल्या, बैलाले चारता तसे दोन घास स्वतः काऊन खात नाई. मामाजी ऐकत आणि मान हलवत. मात्र ही बाजारातली मान नव्हे, निराळी. त्यांच्या मुलीनं कॉलेजात असताना हट्टानं कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मामींनी त्याचं नाव डबडं ठेवलं. एका संध्याकाळी पोरीनं माईक लावून मामींना भुलाबाईचं गाणं म्हणायला बसवलं. मामींनी लाजत लाजत दोन ओळी म्हटल्या आणि तेवढ्यात त्यांची नजर शेजारी बसलेल्या मामाजींवर गेली. झालं! गाणं राहिलं गाण्याच्या जागी. "अवो, आयकू येऊन राह्यलं का? भाकर थंडी झाली. काऊन बसून राह्यले त्या डबड्यासमोर? उठा, जेवाले या!" हे सगळं आत भरलं गेलं. तेव्हा आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो.

पुढे मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, आणि त्यानंतरच्या वर्षी मामी गेल्या. कसलं आजारपण नाही, काही नाही. मामाजी महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मुलगी आली होती, तिनं जाताना वडिलांना कॉम्प्युटर चालू कसा करायचा आणि त्या गाण्यावर दोनदा टिचकी कशी मारायची, एवढं शिकवलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मामाजी त्या यंत्रासमोर बसत, मामींच्या दोन ओळी आणि बोलणी ऐकत आणि शेवटच्या "जेवाले या"ला "आलो, आलो" म्हणून उठत. तो आवाज ऐकल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. मुलगा-सून घरातच होते; सूनबाईलाही सवय झाली होती. ती आधी मामींचं ऐकू येऊ देई, मगच भाकरी तव्यावर टाके.

अशात एके दिवशी मला वर्ध्याला मामाजींचा फोन आला. "जवाईबापू, लवकर या. मामीले बरं नाई." मी क्षणभर हादरलोच. मग उलगडा झाला की कॉम्प्युटर आतून टकटक असा आवाज करत होता, मधेच अडकत होता आणि दोनदा तर मामी "भाकर" म्हणून तिथंच थांबल्या होत्या. आमच्या बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते, म्हणून सासरच्या मंडळींत मी तज्ज्ञ समजला जात असे. मी गेलो, कान लावला, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "हार्ड डिस्क." तज्ज्ञाला एवढं पुरतं. मामाजींनी विचारलं, "म्हणजे थे नेमकी कोठं बसली हाय?" त्यांची इतके दिवस समजूत होती की मामी स्पीकरात आहेत. मी पेटी उघडून हाताच्या पंजाएवढी डबी दाखवली. त्यांनी आपला पंजा तिच्यावर ठेवून पाहिला. "एवढ्याशा जागेत? अख्खं घर पुरत नव्हतं तिले." मग एकदम कासावीस होऊन म्हणाले, "हे मेलं, त मंग थे कोठं जाईन?" शेवटी नवीन डिस्क विकत आणायची असं ठरलं.

"मी घेऊन येतो वर्ध्याहून," मी म्हटलं. मामाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. घरचा बैल सोबत नेल्याशिवाय त्याच्या जोडीचा बैल कोणी घेतो का? उंची कशी जुळणार? शेवटी कॉम्प्युटरची ती उभी पेटी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मामाजी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, हे सामान खाली ठेवा." मामाजी म्हणाले, "सामान नाई, घरचं माणूस हाय." कंडक्टरनं गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उतरेपर्यंत आमच्या बाकाकडे फिरकला नाही.

वर्ध्यातलं ते दुकान म्हणजे मूळचं कापडाचं. अर्ध्या भागात म्हातारे शेठजी अजून लट्ठा फाडत बसलेले, उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या मुलानं कॉम्प्युटर मांडलेले. मुलानं पेटीचा आवाज ऐकला आणि सहज म्हणाला, "काकाजी, ही गेली समजा. फेकून द्या, नवीन टाकून देतो." मामाजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे खाली बसतात. पण ते बसले नाहीत. "नवीन दाखव," म्हणाले. त्यानं चकचकीत डिस्क हातात दिली. मामाजींनी तिला उलटंपालटं केलं, पाठीवर थाप मारली, कानाशी नेली आणि मागच्या बाजूच्या पिनांच्या दोन ओळी निरखून म्हणाले, "दात त पुरे आले हायेत. हे नवं काऊन म्हणता? पुरं वय झालेलं जनावर हाय." पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे पाहिलं. मग निघाला वजनाचा मुद्दा. जुनी डिस्क चार जीबीची, नवी चाळीसची, आणि चारची आता मिळतच नाही म्हणे. "चारच्या बाजूले चाळीस जुंपता? जू वाकडं होईन ना बाप्पा!"

"काकाजी, जुंपायचं कोणाला आहे? जुनी काढायचीच आहे," पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला आणि दाखवायला म्हणून त्यानं पेटी उघडली. मामाजी वाकले. जुन्या डिस्कला एक रुंद राखाडी पट्टी लावलेली होती, आणि त्या पट्टीवर मधोमध आणखी एक जोडणी, रिकामी लोंबकळत होती. मामाजींनी ती दोन बोटांत धरली. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "हे जू त दोघांचं हाय! इतके वर्सं एकाच बैलावर हाकून राह्यलो आपण. मंग थो थकन नाई त काय करन?" त्या पट्टीला दोन डिस्क जोडता येतात, हे खरं होतं. हे कोणत्या शास्त्रानं खरं होतं, ते ना पोराला सांगता येत होतं ना मला.

मग मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पोराच्या हातावर टाकून खाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, दुपट्ट्याखाली, बोटं दाबून, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. पोरानं घाबरून हात ओढून घेतला. पण पलीकडे म्हातारे शेठजी लट्ठा टाकून उठले. "अरे, तुला नाही समजणार, सरक," म्हणत त्यांनी आपला हात दुपट्ट्याखाली सरकवला. दोघे म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत पाहत, एक शब्द न बोलता बोटं दाबत राहिले. हार्ड डिस्क म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं त्याला भाव कळत नव्हता. अखेर शेठजी हसले, मामाजींनी मान हलवली.

"पण ओझं टाकून पाह्यल्याबिगर नेत नाई," मामाजी म्हणाले. "माही घरची बाई याच्यावर बसवून दाखव. पेलली त सौदा." पोराला आता काहीच विचारायचं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं दोन्ही डिस्क त्या पट्टीला जुंपल्या आणि मामींना जुन्यातून नव्यात न्यायला सुरुवात केली. पडद्यावरच्या चित्रात एका फोल्डरातून दुसऱ्यात कागद उडायला लागले. जुनी डिस्क टकटकत होती. आधी लिहून आलं दोन मिनिटं बाकी, मग वीस मिनिटं, मग पुन्हा तीन. "हा दलाल हाय का? घडीघडी जबान बदलवते," मामाजी पुटपुटले, पण त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळलेला होता. एकदा सगळं थांबलं. टकटकही थांबली. शेठजींनी गिऱ्हाइकाला खुणेनंच गप्प केलं. मग कागद पुन्हा उडाला.

पोरानं गाणं नव्या डिस्कवरून लावलं. दोन ओळी झाल्या, आणि त्या कापडाच्या दुकानात मामींचा आवाज दणाणला. लट्ठा घ्यायला आलेली बाई दचकून मागे वळली. "उठा, जेवाले या!"

"आलो, आलो," म्हणत मामाजी स्टुलावरून उठले. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे आहोत. कोणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते रुमालानं चष्मा पुसायच्या निमित्तानं टिपलं. परतीच्या एसटीत त्यांनी एकच विचारलं, "आता थे दोन्हीकडं हाय, त मंग खरी कोणती?" मी म्हणालो, दोन्ही. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

जुनी डिस्क आठवड्याभरातच कायमची गप्प झाली. ती भंगारात द्यायची गोष्ट कोणी काढली नाही. म्हातारा झाला म्हणून मामाजींनी कधी बैल विकलेला नव्हता. पोळ्याच्या दिवशी मी आंजीला गेलो तर ती टेबलावर कुंकू लावून ठेवलेली. मामाजी नेहमीच्या जागी बसले होते. मी विचारलं, "मामाजी, नवीन कशी चालते?"

"चांगली चालते. आवाज बी तोच हाय, ओरडते बी तशीच. पण थे टकटक नाई." त्यांनी जुन्या डिस्ककडे बोट दाखवलं. "तुम्ही म्हणे, बिमारी हाय. मले वाटे, पळी आपटून राह्यली ताटावर. जेवाले बलावताना आपटे ना थे."

सूनबाईनं आत दिवा लावला. मामाजींनी दोन टिचक्या मारल्या, मामींनी गाणं म्हटलं, मग त्या ओरडायला लागल्या. मामाजींनी कुंकू लावलेली ती जुनी डिस्क जवळ ओढली, तिच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टक टक केलं आणि म्हणाले, "आलो वं, आलो."