बारा नंबरचे नट

पडदा वर जातो. पत्र्याच्या छपराचं गॅरेज. डावीकडे एकावर एक रचलेले टायर, उजवीकडे खिळ्यांना टांगलेले पाने, मधोमध जॅकवर एक चाक उचललेली मोटार आणि तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर आमचे मेहुणे, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. बनियनला ग्रीस, पण बसण्यात प्रमुख भूमिकेचा रुबाब.

रंगभूमी सुटली, गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून मी बहिणीकडेच राहायला आले आणि माझ्या दुपारी तिथल्या बाकावर जायच्या. टाळ्यांचं वेड मला काय कमी होतं! पण मेहुणे माझ्याही वरचढ. गिऱ्हाइकाने कुठलाही नट हातात द्यावा, यांनी तो पाठीमागे नेऊन बोटांत फिरवावा आणि माप सांगावं. “वा उस्ताद!” म्हटलं की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मला ते शिकवतही असत. “ताई, चाकाचा बोल्ट बारा मिलिमीटर जाड आहे, हे झालं अर्धंच माप. उरलेलं अर्धं त्याच्या आट्यांत. काहींचे आटे सव्वा मिलिमीटर अंतरावर, काहींचे दीड. दिसायला जुळी भावंडं, पण याचा नट त्याच्यावर बसायचा नाही. दोन फेरे जाईल आणि अडेल. म्हणून नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा. अडला की थांबायचं.”

आटे मोजायचं गेजही होतं, कंगव्यासारखे दाते असलेल्या पात्यांचं. खिळ्यावर धूळ खात असे. “ज्याची बोटं बधिर, त्याला गेज,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका दुपारी त्यांच्या जावयाचा फोन आला. कापडाच्या दुकानात काम करणारा, हळू बोलणारा पोरगा. मोटारीच्या पुढच्या एका चाकाचे नट झिजून गोल झाले होते, नवे कुठले आणू, असं विचारत होता.

“बारा नंबरचे मागा.”

तिकडून त्याने आणखी काही विचारलं असावं.

“अहो, बारा म्हणजे बारा! दुकानदार काय दूधखुळा आहे? तुम्ही कापड मोजा, हे आमच्यावर सोडा.” आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक नवे नट आणि मोटार घेऊन आली. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं उभी, मी बाकावर. मेहुण्यांनी नवा चकचकीत नट पाठीमागे फिरवला, “बारा!” म्हणाले, हशा पिकला. मग तो बोल्टवर लावला. थोडा फिरला आणि अडला.

“बाबा, जात नाहीये का?”

“नवा आहे गं. नव्या सुनेसारखा, जरा आढेवेढे घेणारच.”

पुन्हा हशा. त्यांनी हवेची गन उचलली आणि एकेक नट घर्रकन आवळून टाकला.

दोन दिवसांनी वळणावर ते चाक निखळलं. मोटार भिंतीला घासत गेली. लेक वाचली, पण खांद्याचं हाड मोडलं.

जावई इस्पितळातून तिला घेऊन आमच्याकडेच आला. माझ्या बहिणीने त्याला उंबऱ्यातच गाठलं. “चिंधीचोर मेला! माझ्या पोरीच्या जिवापेक्षा स्वस्तातला नट प्यारा झाला? ती आता इथंच राहील. तुम्ही जा आपल्या ताग्यांत.”

“चूक माझीच आहे, आई,” तो म्हणाला. “मला कळायला हवं होतं.” आणि चपला न काढता दाराशीच उभा राहिला.

मेहुणे उठून गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग. ओढून आणलेल्या मोटारीपाशी ते बसले होते. खिळ्यावरचं गेज काढून त्यांनी बनियनला पुसलं. सव्वाचं पातं बोल्टच्या मुळाशी शाबूत राहिलेल्या आट्यांवर टेकवलं, बरोबर बसलं. मग दीडचं पातं आणलेल्यांतल्या उरलेल्या एका नटात घातलं. तेही बरोबर बसलं. बोल्टचे वरचे आटे तर खरवडून भुगा झाले होते. नट धरून नव्हता, नुसता अडकून होता.

“अहो, बारा म्हणजे बारा,” ते स्वतःशीच पुटपुटले. एवढी खाली गेलेली त्यांची मान मी पुन्हा कधी पाहिली नाही. रंगमंचावर शरमेचा अभिनय मी पुष्कळ केला, दोन्ही हातांनी तोंड झाकून वगैरे. खरी शरम तोंड झाकत नाही. ते नुसते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

“घरात कळलंच पाहिजे का, ताई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “पोरगा अजून दारातच उभा आहे.”

रात्रीची पानं मांडली गेली. बहिणीने लेकीला भरवायला घेतलं, मला वाढलं, नवऱ्याला वाढलं. जावई भिंतीला टेकून बसला होता, त्याच्यासमोर ताट नव्हतं. लेक रडवेली होऊन बापाकडे बघत होती.

मेहुण्यांनी खिशातून नट काढून आपल्या ताटाशेजारी ठेवला. मग स्वतःचं भरलेलं ताट उचललं आणि सरकवत जावयासमोर नेलं.

“हे काय नवीन?” बहीण कडाडली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही.

“नट चांगले आहेत,” ते म्हणाले. “मी सांगितले तेच त्याने आणले. बोटाने जात नव्हते, तरी लोक हसत होते म्हणून मी गन लावली. त्याला भाजी वाढ.”