ती पुन्हा पळायला लागली तेव्हा

माझी बायको शाळेत शिकवते आणि सकाळी पळते. वडीगोद्रीत लोक तिला पळण्यामुळेच जास्त ओळखतात. चाळिशी जवळ आली तेव्हा तिने एका सकाळी माझा टी-शर्ट आणि नवे बूट घातले आणि कालव्याच्या कच्च्या रस्त्याने पळत सुटली. लोकांनी काही बोलू नये म्हणून सुरुवातीला मी मोटारसायकल घेऊन मागे जायचो. माझं हायवेला पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, तिथं इतक्या सकाळी कोण येतं? पुढे गावाला सवय झाली आणि मी जाणं सोडलं.

मग एकदा मोसंबीच्या बागेतून एक कुत्रं सरळ तिच्या पायात आलं. ती पडली आणि घोटा मोडला. संभाजीनगरला ऑपरेशन करून पायात प्लेट टाकली.

घरी आम्ही दोघंच. मुलगी शिकायला पुण्यात. बायको पलंगावर आणि बाकी सगळ्या घरात मी. भाकरी मला शेवटपर्यंत जमली नाही, पण खिचडी जमली, तिची वेणीसुद्धा जमली. दुकानातून आलो की ती दिवसभर साठवलेलं बोलायची. समोरच्या पत्र्यावर आलेली माकडं, वर्गातली पोरं, स्वतःच्या लहानपणी भोकरदनला शाळेच्या मैदानावर अनवाणी पळून जिंकलेली शर्यत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ही शर्यत मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पाय टेकायची परवानगी मिळाली, मग चालायची, मग हळूहळू पळायची. थोडं चाला, थोडं पळा, दुखलं की थांबा, असं डॉक्टर म्हणाले. ते मी तिच्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. पिशवीत पाण्याची बाटली, दुखण्यावरचा स्प्रे, गुंडाळायची पट्टी घेऊन पुन्हा गाडीवर तिच्या मागे निघालो. "हळू." "पाय वाकडा पडून राह्यला." "बास आता."

एका सकाळी ती थांबली आणि वळली.

"अहो, ती गाडी बंद करा."

"का? दुखतंय का?"

"दुखत न्हाई. त्या आवाजात मला माझा पाय कसा पडतो तेच ऐकू येत न्हाई."

"मंग पायी येतो मागं."

"नका येऊ. पुलावर थांबा. मी कालव्याच्या गेटापर्यंत जाऊन येते."

तेव्हापासून मी कालव्याच्या पुलावर बसू लागलो. ती लहान लहान होत जायची आणि उसाच्या वळणाला दिसेनाशी व्हायची. मग नुसतं पाणी. दूधवाले जाता जाता विचारायचे, "काय भाऊ, कुणाची वाट पाहून राह्यले?" मी म्हणायचो, "बायकोची." ते हसायचे, मीही हसायचो. ते गेले की पूल आणखी मोकळा वाटायचा.

एके दिवशी ती आलीच नाही. बराच वेळ वाट पाहून मी गाडी घेऊन निघालो. मोसंबीच्या बागेच्या कुंपणाशी ती खाली बसली होती. जिथं पडली होती, बराबर तिथं.

"काय झालं? मुरगळला का?"

"पाय बिलकुल बरा आहे." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी रोज इथूनच माघारी फिरते. गेटापर्यंत एकदाही गेले न्हाई. इथं आलं की छाती धडधडायला लागते."

"मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात धरून पार करून दिलं असतं."

मी तिला उठवायला हात पुढे केलेलाच होता. तो तसाच मागे घेतला.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "रागावू नका. पण जा."

मी पुलावर परत आलो. शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, शाळेची पोरं सायकलींवरून गेली. शेवटी ती वळणावर दिसली. चेहरा लाल, केस सुटलेले. मी बाटलीचं झाकण उघडून उभा राहिलो. ती थांबली नाही. माझ्या समोरून तशीच पळत घराकडे गेली. ती गेटापर्यंत जाऊन आली होती, हे तिने न सांगताच कळलं. मला आनंद झाला, आणि कुणाला तरी तो सांगावासा वाटला. तिथं कुणी नव्हतं.

आता ती अंबडच्या दोन शिक्षिकांबरोबर पळते. मध्यंतरी जालन्यात शर्यत झाली, तिथं मीही गेलो. ती हसत हसत शेवटची रेघ ओलांडून आली आणि मैत्रिणींच्या गळ्यात पडली. त्यातल्या एकीने माझ्या हातात मोबाइल दिला, "दादा, आमचा एक फोटो काढता का?" तेव्हा बायको म्हणाली, "अगं, हे आमचे मिस्टर." सगळ्या हसल्या. मी फोटो काढला.

परत निघताना ती म्हणाली, "तुम्ही या गाडीवर. मी यांच्या कारमध्ये येते, चालेल ना?"

"चालेल की."

मी अंबडला थांबून एकट्याने चहा घेतला. घरी पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगावर गाढ झोपली होती, मेडल गळ्यातच. मी पंखा हळू केला, दार ओढून घेतलं आणि दुकान उघडायला गेलो.